इंजिन बदलले, पण सेन्सर जुळले का?

जुन्या गाडीचे इंजिन निकामी झाले, की नव्या इंजिनापेक्षा दुसऱ्या गाडीचे वापरलेले इंजिन बसवणे स्वस्त पडते. गाडी सुरू होते, चालतेही. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा मात्र विझत नाही. ‘चालतेय ना, मग लक्ष देऊ नका,’ असे मालकाला सांगितले जाते. कधी कधी तो दिवाच काढून टाकतात. त्याची किंमत मात्र फुप्फुसांना आणि रक्ताला मोजावी लागू शकते.

आजच्या इंजिनात इंधन किती सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याला स्वतःला काहीच दिसत नाही. सेन्सरकडून तारांमधून जे संदेश येतात, त्यावर तो विसंबतो. इंजिन एका गाडीचे आणि ईसीयू दुसरीचा असेल, तर या संदेशांचा अर्थ बदलतो.

काही बिघाड लगेच कळतात. क्रँकशाफ्टची जागा ओळखण्यासाठी तिच्यासोबत एक दातेरी चाक फिरते. काही इंजिनांत ते 60 दात्यांचे असून त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात, तर काहींत 36 पैकी एक. ईसीयूला अपेक्षित संख्या मिळाली नाही, तर गाडी सुरूच होत नाही. हा बिघाड त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचा.

लपून राहणारे बिघाड अधिक घातक असतात. इंजिन तापते तसा तापमानाच्या सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो, पण किती कमी होतो हे प्रत्येक सेन्सरमध्ये सारखे नसते. चुकीचा सेन्सर जोडला, तर इंजिन तापलेले असूनही ईसीयू ते थंड समजतो आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. तारांचे कच्चे जोड किंवा सैल अर्थिंग यांमुळेही आकडे चुकतात.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हा तोल ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने राखला जातो. सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या आसपास नीट काम करतो. पेट्रोल जास्त झाले, की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. कमी झाले, की नायट्रोजनची ऑक्साइड वाढतात. ती श्वासनलिकांना त्रास देतात आणि दमेकऱ्यांना विशेष जाचतात. पेट्रोल गाडीच्या नेहमीच्या पीयूसी तपासणीत ती मोजली जात नाहीत, त्यामुळे केवळ प्रमाणपत्रावर निर्धास्त राहता येत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणारा मेकॅनिक आणि गळक्या एक्झॉस्टच्या गाडीत एसी लावून झोपलेला चालक यांना सर्वाधिक धोका असतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे पित्ताची किंवा थकव्याची समजली जातात. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटरही येथे फसवते. हिमोग्लोबिनला चिकटलेला हा वायू त्याला ऑक्सिजनच वाटतो आणि आकडा चांगला दिसत राहतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तास.

म्हणून इंजिन बदलताना शक्यतो त्याच मॉडेलचे इंजिन घ्यावे, नाहीतर त्याचा ईसीयू, सेन्सर आणि वायरिंग सोबत घ्यावे. काम झाल्यावर स्कॅनर लावून सेन्सरचे आकडे पाहावेत. चावी फिरवताच पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो कधीच लागत नसेल, तर तो काढला आहे का, हे विचारावे. बदलाची नोंद आरटीओकडेही करावी, कायद्याने ती आवश्यक आहे.

तापावर उपचार करायचा असतो, थर्मामीटर फोडायचा नसतो. त्या पिवळ्या दिव्याचेही तसेच आहे.