ज्यांचे पोट हातावर, त्यांच्या मनगटाचे काय?

मध्यरात्री अचानक झोपमोड होते. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या आलेल्या असतात, हात जड आणि परका वाटू लागतो. उठून बसावे, हात चारदोन वेळा झटकावा, तेव्हा कोठे बरे वाटते. सकाळी हातातून कपबशी निसटते आणि घरातली माणसे निकाल देऊन टाकतात, 'वय झाले, वात आहे!' मग तेल चोळले जाते, मनगटाला फडके बांधले जाते आणि दुखणे मुकाट्याने वाढत राहते. या दुखण्याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते वेळीच ओळखले, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून आटोक्यात येते. दुर्लक्षिले, तर हाताची पकडच हिरावून नेते.

वैद्यकशास्त्रात त्याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' असे भारदस्त नाव आहे. मनगटात, तळहाताच्या बाजूस, हाडांची कमान आणि तिच्यावरून ताणलेली चिवट पट्टी यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू, एवढी वर्दळ त्यातून चाललेली असते. आत सूज आली की जागा अपुरी पडते आणि चेपला जातो तो मज्जातंतू. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू ही त्याची हद्द. करंगळीवर त्याचा अंमल नाही. म्हणून करंगळी शाबूत आणि बाकीची बोटे बधिर, ही या दुखण्याची खूण ध्यानात ठेवावी. पुरुषांपेक्षा स्त्रियांना ते अधिक होते. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडचा विकार, संधिवात ही त्याची काही निमित्ते होत. परंतु तेच ते काम जोर लावून तासन्‌तास करणे, मनगट वाकलेले ठेवून राबणे, थरथरणारे यंत्र हाती धरणे हीही कारणे तितकीच खरी आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत याच कारणांसह या विकाराला स्थान दिले आहे.

आपल्या किनाऱ्यावर काजू सोलणाऱ्या आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांना हे सांगावयास नको. परंतु कष्ट आणि दुखणे यांचे नाते अधिक उघडपणे पाहावयाचे, तर समुद्रापासून दूर, वैनगंगेच्या काठी असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाटकडे वळले पाहिजे. हा मुलूख आपल्याला परका नव्हे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजही तेथील कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. या जिल्ह्याची कामे पाहा. वारासिवनीला हातमाग आहेत. भरवेलीला मँगनीजची खाण आहे. रानांत तेंदूची पाने आहेत आणि ती पाने जेथे पोचतात, त्या ओसरीओसरीवर विडी आहे. पान कात्रीने बेतून कापावयाचे, चिमूटभर तंबाखू ठेवून ते बोटांनी घट्ट वळावयाचे, टोक दुमडावयाचे, दोरा बांधावयाचा, की झाली एक विडी! अशा हजार झाल्या म्हणजे हजाराच्या दराने मजुरी. हजार विड्या वळणे म्हणजे आठदहा तासांचे काम. त्यानंतर स्वयंपाक, पाणी आणि धुणे हे त्याच मनगटाने करावयाचे. प्रत्येक दुखरे मनगट या एकाच विकाराचे असते असे नव्हे. पण हा विकार ज्या परिस्थितीत बळावतो, ती सगळी येथे एकत्र नांदते.

आता उपायाकडे वळू. पहिला उपाय अगदी साधा आणि स्वस्त आहे. झोपेत आपण नकळत मनगट मुडपतो आणि बोगद्यातील दाब वाढतो. मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा रात्री काही आठवडे नेमाने बांधला, तर सौम्य दुखण्यात बराच आराम पडतो. दिवसा मनगट सरळ ठेवून काम करावे, मधून मधून हात मोकळा करावा, जाणकाराने दाखविलेले बोटांचे आणि मज्जातंतूचे हलके व्यायाम करावेत. मधुमेह वा थायरॉइडचा विकार असल्यास त्यावर आधी उपचार व्हावेत. दुखणे फारच सतावीत असेल, तर डॉक्टर बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. ब्रिटनमधील २३४ रुग्णांच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांना पट्टा बांधणाऱ्यांपेक्षा अधिक आराम होता. सहा महिन्यांनी मात्र दोहोंत फरक उरला नव्हता. घाईने गुण हवा असेल तर इंजेक्शन आहे, धीर असेल तर पट्टाही निरुपयोगी नाही, एवढाच याचा अर्थ.

योगासनांविषयीही बोलले पाहिजे. पुण्यास राहून ज्यांनी जगाला योग शिकविला, त्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची अकरा आसने अमेरिकेत या विकाराच्या रुग्णांना आठवडे आठ, आठवड्यातून दोनदा शिकविण्यात आली. १९९८ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत आला. वेदना घटली, पकड सुधारली. रुग्ण अवघे बेचाळीस होते, म्हणून याचा डांगोरा पिटू नये. पण ते थट्टेवारीही नेऊ नये.

आणि एक इशारा. बोटे सततच बधिर राहू लागली, गुंडी लावता येईना, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खचू लागला, तर पट्टा आणि आसने यांच्या नादी लागून वेळ दवडू नये. ती चिवट पट्टी कापून मज्जातंतूला मोकळे करण्याची शस्त्रक्रिया लहानशी असते आणि बहुधा केवळ हात बधिर करून होते. शस्त्रक्रिया टाळणे हे शहाणपण आहे. ती टाळण्यासाठी हात गमावणे हे नव्हे.

परंतु खरा प्रश्न याच्या पुढेच आहे. १९०९ साली बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिताना गांधीजींचा उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिले. सुमारे चाळीस पाने तशी लिहिलेली आहेत. विडी वळणाऱ्या बाईला ही सोय नाही. तिचे दोन्ही हात एकाच कामात गुंतलेले असतात. 'हाताला विश्रांती द्या', असे डॉक्टर सांगतात. पण जिची मजुरी हजारावर मोजली जाते, तिची विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याणनिधी उभा राहिला, दवाखाने निघाले. २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर त्या निधीचा उपकर गेला. २०२५ च्या नोव्हेंबरात जुन्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. कायद्याची पाने बदलली. मनगट तेच राहिले.

आमचे मागणे फार मोठे नाही. कामगारांच्या दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकल्याबरोबर हाताचीही चौकशी व्हावी आणि मनगटाचा पट्टा औषधाच्या गोळीसारखा मोफत मिळावा. हजार विड्यांचा दर ठरविताना अधूनमधून हात मोकळा करण्याचा वेळ त्यात धरला जावा. हेच काजूच्या आणि कोळंबीच्या कारखान्यांनाही लागू आहे. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांना हात सांभाळण्याची उसंत न देता नुसता सल्ला देणे ही कोरडी सहानुभूती झाली. आणि आपल्याच घरात कोणी रात्री उठून हात झटकीत असेल, तर 'वय झाले' म्हणून कूस बदलू नका. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे न्या.