अल्पकार्बन बेनाइटी पोलाद : सूक्ष्मरचना आणि यांत्रिक गुणधर्म

प्रस्तावना :
मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील पेट्रोल व डिझेल हिंदुस्थान पेट्रोलियमच्या मुंबई–पुणे–सोलापूर वाहिनीतून सोलापूरजवळील पाकणी येथे पोहोचते. ही वाहिनी सुमारे ५०० किलोमीटर लांबीची आहे. एका नळाची लांबी साधारण १२ मीटर धरल्यास एवढ्या अंतरात वेल्डिंगचे चाळीस हजारांहून अधिक जोड येतात. त्यांपैकी एक जोड तडकला तरी गळती व आगीचा धोका संभवतो. त्यामुळे तेल आणि वायू वाहिन्यांच्या पोलादात सामर्थ्य, चिवटपणा व वेल्डिंगक्षमता हे तिन्ही गुण एकत्र असावे लागतात. ते एकत्र साधणाऱ्या अल्पकार्बन बेनाइटी पोलादाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बेनाइटची निर्मिती :
तापवलेल्या पोलादातील ऑस्टेनाइट सावकाश थंड झाल्यास फेराइट व पर्लाइट तयार होतात. अतिशय वेगाने थंड झाल्यास कठीण मार्टेन्साइट मिळते. या दोहोंमधील तापमानात जी रचना घडते ती बेनाइट होय. डेव्हनपोर्ट व बेन यांनी १९३० मध्ये तिचे वर्णन केले आणि १९३४ मध्ये तिला बेन यांचे नाव मिळाले. १९५० च्या दशकात आयर्विन व पिकरिंग यांनी इंग्लंडमध्ये मॉलिब्डेनम आणि अत्यल्प बोरॉन असलेल्या अल्पकार्बन बेनाइटी पोलादांचा अभ्यास केला. बोरॉन ऑस्टेनाइटच्या कणसीमांवर साचून फेराइटची निर्मिती लांबवतो. त्यामुळे केवळ हवेत थंड होतानाही बेनाइट मिळू शकते.

सूक्ष्मरचना :
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेनाइटी फेराइटच्या एक मायक्रोमीटरहूनही कमी रुंदीच्या समांतर पट्ट्या दिसतात. कार्बन कमी असल्याने पट्ट्यांमधील सिमेंटाइट अल्प असते. आधुनिक पद्धतीत नायोबियममुळे लाटणीच्या वेळी ऑस्टेनाइटचे पुनःस्फटिकीभवन रोखले जाते; कण चपटे होतात व त्यानंतरच्या जलद शीतनाने रचना अधिक बारीक होते.

यांत्रिक गुणधर्म :
पोलादाचे सामर्थ्य वाढवण्याचा जुना मार्ग म्हणजे कार्बन वाढवणे. परंतु त्यामुळे चिवटपणा व वेल्डिंगक्षमता घटते. बेनाइटी पोलादात सामर्थ्य प्रामुख्याने पट्ट्यांच्या सूक्ष्मतेतून आणि डिसलोकेशन या रेषीय स्फटिकदोषांच्या दाट जाळ्यातून येते. कण बारीक केल्याने सामर्थ्य व चिवटपणा हे दोन्ही गुण एकाच वेळी वाढतात, हे येथे महत्त्वाचे ठरते. वाहिन्यांच्या एक्स-७० श्रेणीचे किमान यील्ड प्रतिबल ४८५ मेगापास्कल, तर एक्स-८० श्रेणीचे ५५५ मेगापास्कल असते. नळाचा व्यास व आतील दाब तोच ठेवल्यास या फरकामुळे भिंतीची जाडी सुमारे १३ टक्क्यांनी कमी करता येते.

वेल्डिंगक्षमता :
अल्पकार्बन पोलादात जोडालगत तडे जाण्याची प्रवृत्ती पीसीएम या निर्देशांकाने अजमावतात. त्यात कार्बन पूर्ण, मँगॅनीजचा विसावा, मॉलिब्डेनमचा पंधरावा आणि सिलिकॉनचा तिसावा भाग धरला जातो; अन्य मिश्रद्रव्येही आपापल्या प्रमाणात मोजली जातात. उदाहरणार्थ, ०.१८ टक्के कार्बन, १.४ टक्के मँगॅनीज व ०.३ टक्के सिलिकॉन असलेल्या पोलादाचा निर्देशांक ०.२६ येतो. याउलट ०.०४ टक्के कार्बन, १.८ टक्के मँगॅनीज, ०.१५ टक्के मॉलिब्डेनम व ०.३ टक्के सिलिकॉन असल्यास तो ०.१५ येतो. मिश्रद्रव्ये अधिक असूनही दुसऱ्या पोलादाचा जोड अधिक सुरक्षित ठरतो.

मर्यादा :
वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचे कण पुन्हा मोठे होतात. तेथे मार्टेन्साइट व ऑस्टेनाइट यांची कठीण बेटे निर्माण झाल्यास तडा तेथूनच सुरू होऊ शकतो. केवळ कठिनता मोजून हा दोष ओळखता येत नाही. त्यासाठी शार्पी आघात चाचणी व सूक्ष्मदर्शकीय तपासणी आवश्यक असते.

समारोप :
अल्पकार्बन बेनाइटी पोलादाचे सामर्थ्य कार्बनच्या प्रमाणापेक्षा रचनेच्या सूक्ष्मतेवर अधिक अवलंबून असते. ही रचना लाटणी व शीतन यांच्या काटेकोर नियंत्रणातून मिळते आणि अनियंत्रित उष्णतेने बिघडूही शकते. म्हणून पोलादाची पारख करताना रासायनिक विश्लेषणाबरोबर सूक्ष्मरचनेची आणि विशेषतः जोडालगतच्या भागाची तपासणी अनिवार्य मानली पाहिजे.