तेरीज आणि खतावणी : पांढऱ्या पेशींचा हिशेब



मंचर येथे किराणा-भुसाराचे दुकान सांभाळणारे माझे ज्येष्ठ बंधू गेल्या वर्षी चातुर्मासानंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी निघाले. त्यापूर्वीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या १,८४,००० निघाली आणि शस्त्रक्रिया थांबली. त्यांचे वजन चार किलो घटले होते, दोन घासांत पोट भरत होते, डाव्या बरगडीखाली जडपणा होता. आम्ही सर्वांनी हे सारे उपवासांच्या खात्यावर मांडून टाकले होते.

त्यानंतर या विषयावर जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. प्रौढ माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांचे पाच प्रकार आहेत. सर्वांत मोठा वाटा न्यूट्रोफिलचा, सुमारे ४० ते ७० टक्के. जंतू शिरताच त्या प्रथम धावतात, जंतूंना गिळतात आणि त्यातच संपतात. लिम्फोसाइट २० ते ४० टक्के असतात. त्यांतील बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर टी पेशी विषाणूग्रस्त पेशींचा नाश करतात. बँक जशी खातेदाराची नमुना सही जपून ठेवते, तशी या पेशी जंतूंची ओळख जपतात. लसीचे कार्य याच स्मृतीवर चालते. मोनोसाइट २ ते ८ टक्के असून त्या मृत पेशींची व जंतूंची सफाई करतात. इओसिनोफिल कृमींशी लढतात आणि ॲलर्जीत वाढतात. कांद्याची पात्रे वा धान्याची धूळ ज्यांच्या श्वासात रोज जाते, अशा आपल्या भागातील काहींच्या अहवालात हा आकडा वाढलेला आढळू शकतो. पाचव्या बेसोफिल एरवी एक टक्क्याच्या आसपासच असतात.

संख्या वाढली म्हणजे कर्करोग, असे मुळीच नाही. जंतुसंसर्ग, सूज, गर्भावस्था, स्टेरॉइडसारखी औषधे यांनीही ती वाढते आणि कारण दूर झाले की बहुधा खाली येते. पावसाळ्यात डेंग्यू झाला तर ती ४,००० च्याही खाली जाते. एचआयव्हीचा विषाणू तर विशिष्ट टी पेशींनाच नष्ट करतो. केमोथेरपी चालू असताना न्यूट्रोफिल फार घटतात. अशा रुग्णाला ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

रक्ताच्या कर्करोगात मात्र अस्थिमज्जा सदोष पेशी बेसुमार तयार करू लागते. बंधूंना झालेला आजार क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. यात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. हा दोष जन्मजात नसतो आणि मुलांकडे जात नाही. विवाहयोग्य मुले-मुली असलेल्या घरांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे.

उपचारासाठी जुने कागद काढताना दोन वर्षांपूर्वीचा एक अहवाल सापडला. संख्या १४,५००, बेसोफिल ४ टक्के. तो मीच पाहिला होता. ‘सर्दी-खोकला असेल’ म्हणून घडी घालून ठेवला होता. उभी हयात मी कर्जदारांकडे तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. सख्ख्या भावाचा मागचा कागद पुढच्याशी ताडून पाहिला नाही. तेरीज जुळली तरी खतावणीत चूक राहू शकते, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. येथे तर तेरीजही जुळत नव्हती.

सुदैवाने या आजारावर इमॅटिनिब ही गोळी आहे. २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि या रोगाचे भवितव्य पालटले. तिच्या एका रूपावरील नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी रुग्णांना मिळत राहिली. पुढचे पाऊलही आपल्या मुंबईतच पडले आहे. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत देण्याची नेक्सकार१९ ही उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये काही विशिष्ट रक्तकर्करोगांसाठी तिला मान्यता मिळाली.

प्रत्येक घराने एवढे करावे. प्रत्येकाचे रक्ताचे अहवाल तारीखवार एका फाइलीत लावावेत. एकूण आकड्याबरोबर पाचही प्रकारांची टक्केवारी मागच्या अहवालाशी ताडावी. फरक दिसल्यास डॉक्टरांना दाखवावा; आकडा पाहून मनानेच अँटिबायोटिक आणू नये. वारंवार ताप, रात्री घाम, मानेत वा काखेत गाठी, विनाकारण घटणारे वजन यांचे कारण विचारावे. तप करणाऱ्याचे वजन पारण्यानंतरही भरून येत नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

बंधू आज पुन्हा गल्ल्यावर बसतात. गोळी रोज घेतात, ठरल्या वेळी रक्त तपासतात. मोतीबिंदूही निघाला. त्यांच्या अहवालांची फाइल आता माझ्याकडे असते.