चावीवाला, वायरमन आणि आपली पेठ

काळबादेवी, भुलेश्वर, मस्जिद बंदर, झवेरी बाजार या पेठांत दिवसभर ज्यांची ये-जा असते, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी महापालिकेच्या चावीवाल्याला काम करताना पाहिले असेल. त्याचे काम बहुधा दुकानांची शटरे उघडण्यापूर्वी किंवा ती उतरल्यानंतर चालते. हातात माणसाच्या उंचीची, वर आडवी दांडी असलेली लोखंडी चावी, सोबत एखादा मदतनीस आणि फिरण्याचा ठरलेला रस्ता. रस्त्यातील लहानसे बिडाचे झाकण उघडायचे, चावी आत सोडायची आणि जमिनीखालच्या झडपेचे फेरे मोजत मोजत ती फिरवायची. एका भागाचे पाणी सुरू होते, दुसऱ्याचे बंद होते. पुढचे झाकण. पुन्हा तेच.

मुंबईला पाणी चोवीस तास मिळत नाही. शहराचे लहान लहान विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येकाला दिवसातील काही ठरावीक तास पाणी दिले जाते. तानसा, भातसा, वैतरणा या दूरच्या जलाशयांतून मोठ्या जलवाहिन्यांनी आलेले पाणी टेकड्यांवरील साठवण जलाशयांत घेतले जाते. काळबादेवीच्या बाजूचे पाणी मलबार हिलच्या जलाशयातून येते. ज्या फिरोजशहा मेहता उद्यानात मुलांना फिरायला नेले जाते, त्या हिरवळीच्या खालीच तो आहे. तेथून पेठेतील नळापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र अजूनही माणसाच्या हाताने उघडतो आणि हातानेच मिटतो. झडप घाईने बंद केली, तर धावते पाणी एकाएकी अडते आणि त्याचा धक्का जुन्या बिडाच्या नळाला बसतो. गंजाने आतून अरुंद झालेला तो नळ अशा एका धक्क्याने फुटू शकतो. अर्धवट उघडी राहिली, तर पुढच्या गल्लीत पाणी चढत नाही. म्हणून फेरे मोजावे लागतात आणि कोणत्या झडपेचा आटा कोठे अडतो, हे लक्षात ठेवावे लागते. नकाशे असतात. परंतु कैक वेळा डांबराखाली गेलेली झडप नेमकी कोठे आहे, हे नकाशापेक्षा जुन्या कर्मचाऱ्याला अधिक अचूक ठाऊक असते. तो निवृत्त झाला की ही माहितीही त्याच्याबरोबर निघून जाते.

ही व्यवस्था पिण्याच्या पाण्यासाठी आहे, अशीच सर्वांची समजूत असते. वास्तविक पेठेची आग विझवण्याचे पाणीही याच नळांतून यायचे असते. रस्त्याच्या कडेचे फायर हायड्रंट याच जलवाहिन्यांना जोडलेले आहेत. जेव्हा नळात पाणी नसते, तेव्हा हायड्रंटही कोरडा असतो. आग काही पाण्याची वेळ पाहून लागत नाही. मुंबईत बसवलेल्या हायड्रंटांपैकी बहुतेक वर्षानुवर्षे निकामी आहेत, ही बाब वेळोवेळी उघड झालेली आहे आणि त्याबद्दल महापालिकेला दोष देणे सोपेही आहे. परंतु हायड्रंट कसा मरतो, हे जरा जवळून पाहिले पाहिजे.

वापरात नसलेल्या हायड्रंटच्या झडपेला गंज चढतो आणि तिचा दांडा जागच्या जागी धरतो. त्यावर उपाय साधा आहे. ठरावीक काळाने झडप पूर्ण उघडायची, साचलेला गाळ वाहून जाऊ द्यायचा, पुन्हा बंद करायची, वॉशर आणि दांड्याभोवतीचे पॅकिंग झिजले असेल तर बदलायचे, ग्रीस लावायचे आणि झाकणाला ठळक रंग द्यायचा. फिटर आणि त्याच्या मदतनिसाचे हे काम. अडचण कामात नसून त्याच्या आजूबाजूला आहे. तपासणी अग्निशमन दलाची, दुरुस्ती जल अभियंता विभागाची आणि झाकणावर डांबर किंवा पेव्हर ब्लॉक घालून मोकळा होणारा कंत्राटदार रस्ते विभागाचा. तिघांच्या सह्यांशिवाय न चालणारे संयुक्त खाते जसे एका सहीसाठी अडून राहते, तशी या बिचाऱ्या झाकणाची अवस्था होते. त्यात पितळी भाग भंगारात विकले जातात. आणि उरलेसुरले काम आपण करतो. हायड्रंटवर हातगाडी उभी राहते, टेम्पो लागतो, दुकानाचा ओटा दरवर्षी वीतभर पुढे सरकतो आणि एक दिवस झाकण ओट्याखाली जाते. त्या ओट्यावर मग गाठी रचल्या जातात.

म्हणून प्रत्यक्ष आगीच्या वेळी काय होते? मांडवी, मेमनवाडा यांसारख्या जवळच्या केंद्रांतून गाड्या निघतात. मागोमाग पाण्याचे टँकर धाडले जातात, कारण गल्लीत पाणी मिळेलच याचा भरवसा नसतो. त्याच वेळी जल विभागाला निरोप जातो आणि चावीवाला पुन्हा आपल्या चावीसह धावतो. शेजारच्या भागांचे पाणी आवळून आग लागलेल्या भागाकडे दाब वळवायचा असतो. बेस्टचे वीज कर्मचारी पदपथावरील फीडर पिलर उघडून त्या इमारतीचा प्रवाह तोडतात. तो तोडला जाईपर्यंत पाण्याचा फवारा मारणेही जवानांच्या जिवावर बेतणारे असते. येथेही अनुभव तोच. फीडर पिलरच्या दाराला टेकून कोणीतरी खोकी लावलेली असतात आणि मोलाची मिनिटे ती उचलण्यात जातात. संध्याकाळच्या वृत्तवाहिन्यांवर ज्वाळा आणि शिड्या दिसतात. चावीवाला आणि बेस्टचा वायरमन कधी दिसत नाहीत.

या पेठांचे आणि आगीचे नाते जुने आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटाच्या आतील बाजारपेठेचा मोठा भाग जळाला. त्यानंतर तटाबाहेरचे मैदान मोकळे ठेवण्यात आले आणि व्यापारी वस्ती त्याच्या पलीकडे वाढत गेली. आजच्या गजबजलेल्या पेठा ही त्याच वाढीची फळे. म्हणजे दाटीवाटीने जळालेली पेठ बाहेर आली आणि पुन्हा दाटीवाटीनेच वसली. गल्ल्यांची रुंदी बैलगाडी आणि हातगाडी यांना पुरेल एवढी. शहरात विहारचे नळाचे पाणी आले ते १८६० मध्ये आणि अग्निशमन दलाची सुरुवात झाली ती १८८७ मध्ये, घोड्यांनी ओढायच्या बंबांवर. पेठ आधीपासूनच होती, तिच्या रक्षणाची व्यवस्था मागाहून तिच्या फटींत बसवावी लागली.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर स्फोट झाले. त्या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठी होत्या. कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवावा, हा गोदाम सांभाळणाऱ्याचा पहिला धडा. तोच तेथे मोडला गेला होता. आग विझवण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

आणि ९ मे २०१५. काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीतील गोकुळ निवास या इमारतीला आग लागली. लाकडी बांधणीची जुनी इमारत, अरुंद गल्ली. आग विझवण्याचे काम चालू असतानाच इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तेथेच गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचे पुढे रुग्णालयात निधन झाले. शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख ज्या गल्लीत उभा राहून प्राणाला मुकला, त्या गल्लीत आजही सकाळी माल उतरतो. वर्तमानपत्रांनी त्यांच्या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले आणि ते योग्यच होते. परंतु जुन्या लाकडी जिन्याखाली काय साठवले जाते आणि इमारतीत किती जुन्या तारांवर किती नवी यंत्रे चालतात, हे प्रश्न शौर्याचे नव्हते. ते देखभालीचे होते.

पेठेतील जुन्या इमारतींतील वायरिंग दोन दिवे आणि एका पंख्यासाठी केलेले असते. त्याच तारांवर आज वातानुकूलन यंत्रे, संगणक, कॅमेरे, दागिन्यांच्या कारखान्यांतील मोटारी चालतात. भार वाढला की फ्यूज उडतो. फ्यूजचे कामच ते. तो उडतो म्हणून आग लागत नाही. परंतु हंगामाच्या दिवसांत दुकान पाच मिनिटे अंधारात गेले की कोणीतरी ‘जरा जाड तार टाक’ असे सांगतो आणि हाताखालचा पोऱ्या ती टाकतो. आता फ्यूज उडत नाही. भिंतीतील तार तापत राहते. परवानाधारक वायरमन असे करण्यास नकार देतो, भार मोजतो, वेगळे सर्किट ओढायला सांगतो आणि त्याचे बिल मोठे होते. म्हणून पुढच्या वेळी त्याला बोलावले जात नाही. सणासुदीला मंडप आणि रोषणाईसाठी ओढलेल्या तात्पुरत्या तारांची गोष्टही वेगळी नाही. त्या बऱ्याचदा पुढच्या सणापर्यंत तशाच लटकत असतात.

नव्या, उंच बाजार-इमारतींत साधने असतात. गच्चीवर टाकी, तळघरात पंप, प्रत्येक मजल्यावर झडप आणि होज. नळांत सतत दाब राखण्यासाठी एक लहान जॉकी पंप असतो. कोठे पाणी सोडले गेले आणि दाब घसरला की मोठा पंप आपोआप सुरू व्हावा, वीज गेली तर डिझेलचा पंप सुरू व्हावा, अशी योजना. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात कोठेतरी बारीक गळती असते, त्यामुळे जॉकी पंप वारंवार सुरू होतो, त्याच्या आवाजाला आणि विजेच्या बिलाला कंटाळून कोणीतरी त्याचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवतो. गळती तशीच राहते, पंप झोपतो. तपासायला आलेला चांगला फिटर प्रथम पंपाकडे पाहत नाही, त्या खटक्याकडे पाहतो. मग वरच्या मजल्यावर जाऊन प्रत्यक्ष पाणी सोडून दाखवा म्हणतो. होजच्या घड्या जेथे वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या असतात, तेथेच ती चिरलेली सापडते.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात या देखभालीची जबाबदारी स्पष्ट केलेली आहे. कायद्याच्या कक्षेतील इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने, किंवा दोघांनी मिळून, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, सादर करायचे असते. हाच तो ‘नमुना ब’. ‘मालक किंवा भोगवटादार’ हे शब्द पागडीच्या इमारतींतील व्यापाऱ्यांनी दोनदा वाचावेत. तेथे मालक म्हणतो, भाडे नाममात्र आहे, मी खर्च का करू? भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही. या वादात जिन्याची मोडकी फळी आणि गंजलेली वायर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहतात. प्रमाणपत्रही जर न येता, न पाहता, शिक्का मारून मिळत असेल, तर ते स्वस्त पडते असे समजणारा व्यापारी एरवी मालाचा एक तागा मोजल्याशिवाय पावतीवर सही करीत नाही.

‘विमा आहे’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. विमा कंपनी भरपाई देते ती पॉलिसीत दाखवलेल्या मालाची आणि पॉलिसीच्या अटी पाळल्या असतील तर. चोपड्यांत नसलेला माल, उधारीचे कागद, तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक आणि हंगामातील दोन महिने यांचा विमा कोणी उतरवत नाही. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या कारागिराचा तर नाहीच. रात्री पेठा बंद झाल्या तरी त्या रिकाम्या नसतात, हे पेठेतील प्रत्येकाला माहीत आहे.

साधूंसाठी सांगितलेल्या पाच समित्यांमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायची सावधगिरी, कोणत्याही जीवाला इजा होऊ नये म्हणून. गृहस्थाकडून तेवढी काटेकोरता अपेक्षित नाही. परंतु पाणी गाळून पिणाऱ्या घरातील गाठी जिन्याच्या तोंडाशी ठेवल्या जातात, तेव्हा ठेवण्याचा विचार कोठे सुटला, हे घरातल्या घरात विचारता येण्यासारखे आहे. सुदैवाने काही बाजार संघटनांनी आपापल्या गल्ल्यांत माल उतरवण्याच्या वेळा ठरवल्या आहेत, गल्लीच्या तोंडाशी वाहन लागू नये म्हणून पहारेकरी ठेवले आहेत. हे खर्च किरकोळ आहेत. हायड्रंटच्या झाकणाभोवती दोन फूट जागा रंगाने आखून मोकळी ठेवणे, हा तर खर्चच नाही. जल विभागाच्या प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यायची, तिची नोंद क्रमांकासह घ्यायची, आणि ठेवीच्या मुदतीसारखी तारीख लक्षात ठेवून पुन्हा विचारायला जायचे. एकट्या दुकानदाराच्या अर्जापेक्षा संपूर्ण गल्लीच्या सह्यांचा अर्ज लवकर हलतो.

चावीवाला पुन्हा उद्या पहाटे येईल. झाकणावर हातगाडी असेल तर ती ढकलून बाजूला करील, नाही ढकलता आली तर पुढच्या झडपेकडे जाईल, आणि त्या दिवशी त्या गल्लीचा दाब थोडा कमी राहील.