चुकाऱ्यातला संसार

आमच्या घरात पहिली खुर्ची आली, तेव्हा तिच्यावर बसायची घरातल्या कुणाची छाती नव्हती. लोखंडी, घडीची, हिरव्या रंगाची. बैठकीत खुंटीखाली ती घडी करून टेकवलेली असे आणि तलाठी, मास्तर नाहीतर सोयरे आले की उघडली जाई. बाबा बाजेवर बसत, आम्ही पोरं सतरंजीवर. आई कुठे बसे, हे मात्र आठवावं लागतं. चुलीपुढच्या पाटावर.

अनसिंग हे वाशिमहून पुसदला जाताना लागणारं गाव. शृंगऋषींवरून गावाला नाव पडलं असं सांगतात. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यातले, त्यामुळे मोठी खरेदी म्हटली की अकोलाच डोळ्यांपुढे येई. पण मोठ्या खरेदीचा प्रसंग येई कितीदा? घर मांडायचं म्हणजे दुकानात जाऊन सामान निवडायचं, हे आमच्याकडे फार उशिरा आलं. वस्तू एकेक करून येत आणि कधी येणार ते पीक ठरवी.

तेव्हा पीक म्हणजे कापूस. १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर घालायचा, काटा करून पावती घ्यायची आणि चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट पाहायची. सोसायटीचं कर्ज त्यातूनच कापलं जाई. उरेल त्यात कवेलू फेरायचे, लुगडं-धोतर घ्यायचं, दुकानदाराची उधारी द्यायची. एवढं करून काही शिल्लक राहिलंच तर घरात वस्तू. वर्ष बरं गेलं आणि पुढे बोनस मिळाला, तर तो पैसा वरकमाईसारखा वाटे आणि त्याला घरातल्या सगळ्यांच्या नजरा लागलेल्या असत. आमची लोखंडी खुर्ची बोनसची होती. खालच्या आळीतल्या एकांचं भिंतीवरचं घड्याळही बोनसचं. कोणती वस्तू कोणत्या वर्षीची हे सनावरून नव्हे, कापसाच्या भावावरून लक्षात राहायचं.

दुकानाशिवाय घर कसं मांडलं जाई, ते सांगायला हवं. बाज घरीच होई. बाभळीचे पाय, चार दांड्या सुतार ठोकून देई आणि विणकाम घरचं. पायथ्याकडची दोरी सैल सोडलेली असे. बाज झोळ पडली की ती ताणून घ्यायची. सुतळी तुटली तर तेवढीच बदलायची. जुन्या लुगड्यांची वाकळ, बुरुडाकडची टोपली आणि धान्याची कणगी, कुंभाराचा रांजण. भिंतीतला कोनाडा हे कपाट आणि आड्याला टांगलेली वलणी ही कपड्यांची आलमारी. पैसे पडत ते तांब्या-पितळेच्या भांड्यांना, म्हणून स्वस्तातले जर्मनचे गंज आले. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, हे मला पुष्कळ पुढे कळलं. मग स्टील आलं, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारोदार फिरू लागली आणि पितळेचा गुंड आधी माळ्यावर नि नंतर मोडीत गेला. तीन पँटी आणि एका जरीच्या साडीवर आईने स्टीलचा डबा घेतला होता. साडी तिच्या लग्नातली होती. डबा अजून आहे, झाकण बसत नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांशी माझं इथेच बिनसतं. बाज सुंदरच. पण धुराने काळी झालेली चूल, डोक्यावरून आणलेलं पाणी आणि दर काही दिवसांनी सारवायची जमीन, या सगळ्याला ‘साधं राहणीमान’ म्हणणारे बहुतेक जण बैठकीत वाढलेले असतात.

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि गावातल्या ज्या दोन-चार घरी टीव्ही होता, त्यांच्या बैठकीचं देऊळ झालं. त्या घरांना टीव्हीपाठोपाठ टीव्ही ठेवायला शोकेस लागली. शोकेसमध्ये ठेवायला कपबशा लागल्या. त्या कपांतून कुणी चहा प्यायला असेल तर मला माहीत नाही.

प्लॅस्टिकची खुर्ची नव्वदच्या दशकात आली आणि तिने बैठकीतली जातपात थोडी तरी मोडली, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. एका साच्यात, एका दमात निघणाऱ्या या खुर्चीचा आद्य नमुना एका फ्रेंच माणसाने १९७२ मध्ये बाजारात आणला. आमच्याकडे ते साल दुष्काळाचं. स्वस्त, हलकी, एकावर एक रचता येणारी. चार खुर्च्या घेतल्या की कोण बसणार नि कोण उभं राहणार, हा प्रश्नच मिटला. पाय तडकला की मात्र संपली. तडा तापल्या तारेने शिवून पाहणारे हुशार लोक आहेत, पण त्या खुर्चीवर ते पाहुण्याला बसवत नाहीत.

कमी पैशातली सर्वांत शहाणी खरेदी कोणती म्हणाल, तर कूलर. वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा असतो, त्यावरच त्याचं सगळं चालतं. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या भुशाच्या ताट्या, वरून ठिबकणारं पाणी आणि आत पंखा. कोरडी हवा ओल्या ताटीतून आली की थंड होते. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा त्याचा उपयोग शून्य. म्हणून मृगाचा पाऊस पडला की पाणी काढून त्याला पोत्यात बांधायचा. पत्रा गंजतो, पण वेल्डिंगवाला गावातच असतो. ताट्या दरसाल बदलायच्या, मोटर जळाली तर भरून आणायची. बाजेनंतर इथे दुरुस्त होणारी मोठी वस्तू मला हीच दिसते.

कापूस मागे पडला, सोयाबीन आलं. चुकारा गेला, रोख आली. मग तिचीही वाट न पाहता हप्ते आले. दिवाळीच्या आसपास सोयाबीन बाजारात जातं आणि त्याच सुमारास फर्निचरच्या दुकानांवर पताका लागतात. पण जास्तीत जास्त घरं मांडली जातात ती लग्नात. दिवाण, आलमारी, कूलर, फ्रीज हे सारं मुलीकडचं आंदण. मुलाच्या घराचं बजेट मुलीच्या बापाच्या सातबाऱ्यावर, हा हिशेब कुणी उघड मांडत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खाली. त्या भावात दिवाण घेणाऱ्या बापाने स्वतःच्या घरी बाजच ठेवलेली असते.

आणि हे सामान मावतं कुठे? सपाट भागात सरकारी घरकुलासाठी २०१० मध्ये ४५,००० रुपये मिळत, २०१३ पासून ७०,०००, आणि २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना आल्यावर १,२०,०००. घराचं किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झालं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. सहा बाय चारचा दिवाण त्यातले २४ चौरस फूट खातो, आलमारीचं दार उघडायला आणखी जागा हवी. मग दिवाणाच्या पेटीत वाकळाही आणि पेरणीचं बियाणंही.

आमच्या घरात वस्तू कोणत्या क्रमाने आल्या, ते मी एकदा आठवून लिहून काढलं. पाहुण्यांची खुर्ची, बाबांची सायकल, घड्याळ, माझं अभ्यासाचं टेबल, टीव्ही, शोकेस, कूलर, आलमारी. मग गॅस. मिक्सर त्याच्याही नंतर. ओटा सगळ्यांत शेवटी, तोसुद्धा गवंड्याच्या नेहमीच्या मापाने बांधला, आईच्या नाही. पोळ्या लाटताना ती टाचा उंचावून उभी राहायची. मी कमावता झाल्यावर तिला विचारलं होतं, तुझ्यासाठी काय आणू? “मले काय लागते? घरात सगळं तं हाये.” मीही ते खरं मानलं.

२०१९ मध्ये तिचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी खाली बसायचं बंद करायला सांगितलं. त्या आठवड्यात मी तिच्यासाठी खुर्ची आणली. प्लॅस्टिकचीच आहे, बिनहाताची, ओट्याजवळ मावते ती.