ठिबकच्या नळीतले ॲसिड आणि सामूचा हिशेब



माती परीक्षणाच्या अहवालात ‘सामू’चा आकडा आपण सगळेच बघतो. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, सातच्या वर विम्ल, एवढे बहुतेकांना पाठ आहे. पण ठिबकची नळी ॲसिडने धुवायची वेळ आली की हाच सामू आपण विसरतो आणि ॲसिड अंदाजपंचे सोडतो. कमी पडले तर ड्रिपर तसेच बंद राहतात आणि सरीच्या शेवटचा ऊस तहानलेला राहतो. जास्त झाले तर पैसा वाया, धातूचे भाग खराब आणि मुळांना इजा. म्हणून हा हिशेब एकदा नीट समजून घेऊ.

एका अंकाचा फरक दहापटीचा

सामूची ही मोजपट्टी सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली मांडली. तिची मेख अशी की सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढली. सामू ६ चे पाणी सामू ७ च्या पाण्यापेक्षा दहापट आम्ल, तर सामू ५ चे शंभरपट. उलट बाजूने बघा: ॲसिड दुप्पट केले तर सामू दोन अंकांनी नव्हे, फक्त ०.३ ने उतरतो.

तीव्रतेवरून सामू कसा काढायचा?

बाजारात हायड्रोक्लोरिक ॲसिडचा कॅन मिळतो. त्याची तीव्रता ३२ टक्के धरू. असे एक लिटर ॲसिड सुमारे १.१६ किलो भरते आणि त्यात निव्वळ आम्ल साधारण ३७० ग्रॅम असते. त्याला ३६.५ ने भागले की सुमारे १० येतात. म्हणजे लिटरला १० मोल. (मोल हे रसायनशास्त्रातले माप, या ॲसिडचे ३६.५ ग्रॅम म्हणजे एक मोल.)

आता हे एक लिटर ॲसिड शुद्ध पाण्यात मिसळून एकूण द्रावण असे केले तर:

१०० लिटर – ०.१ मोल – सामू १
१,००० लिटर – ०.०१ मोल – सामू २
१०,००० लिटर – ०.००१ मोल – सामू ३
१,००,००० लिटर – ०.०००१ मोल – सामू ४

दशांश चिन्हानंतर एक हा आकडा कितव्या जागी आला ते मोजा, तोच सामू. हे गणित हायड्रोक्लोरिकसारख्या तीव्र आम्लालाच लागू. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल पाण्यात पूर्ण विलग होत नाही. त्याचे ०.१ मोलचे द्रावण सामू १ न दाखवता २.९ च्या आसपास दाखवते.

विहिरीचे पाणी शुद्ध नसते

खरी गोम इथे आहे. ठिबक धुताना शेवटच्या ड्रिपरजवळ पाण्याचा सामू ४ यावा लागतो. वरच्या हिशेबाने, तासाला १०,००० लिटर पाणी देणाऱ्या संचाला तासाला फक्त १०० मिली ॲसिड पुरावे. पण आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते. ते आधी ॲसिड खाते आणि तोवर सामू फारसा खाली येत नाही. लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल तर १,००० लिटर पाण्याला सुमारे अर्धा लिटर ॲसिड लागते. म्हणजे त्याच संचाला तासाला ५ लिटर. कागदावरच्या हिशेबाच्या पन्नासपट!

बादलीची चाचणी करा

शेजाऱ्याचे प्रमाण आपल्या विहिरीला चालत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत आपले १० लिटर पाणी घ्या. त्यात एक-एक मिली ॲसिड टाकून काठीने ढवळा आणि दर वेळी पीएच पेपरने सामू बघा. ४ आला की थांबा. ५ मिली लागले असतील तर १,००० लिटरला ५०० मिली. संचाच्या प्रवाहाने गुणा, झाला हिशेब. ॲसिड नळीत किती वेळ ठेवायचे ते संच पुरवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे ठरवा. नंतर नळ्यांची टोके उघडून साध्या पाण्याने धुऊन काढा.

हे विसरू नका

१. आधी पाणी, मग ॲसिड. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते.
२. रबरी हातमोजे व चष्मा घालावा. अंगावर उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.
३. ॲसिड पांढऱ्या क्षाराच्या थरावर चालते. शेवाळासाठी क्लोरीनची प्रक्रिया वेगळी असते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो.
४. कॅनवरची तीव्रता वाचावी. ती निराळी असेल तर चाचणी पुन्हा करावी.

वर्षातून एकदा पाणी तपासून बायकार्बोनेटचा आकडा आपल्या वहीत लिहून ठेवावा. अडचण आल्यास बादलीच्या चाचणीचे आकडे घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे.

– ऊस विकास अधिकारी