बागेचा तास आणि शाळांचं गाव

पाचगणीची ओळख सांगताना टेबललँडच्या पाठोपाठ शाळा येतात. निवासी शाळांनी हे गाव नावारूपाला आणलं, यात वाद नाही. पण या परिसरात फळबाग, रोपवाटिका, भाजीपाला हे सगळं मुलांना शिकवलं कुणी, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा शाळेच्या फाटकाबाहेरच सापडतं. गेल्या जवळपास दोनशे वर्षांकडे वळून पाहताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं.

इथले बागेतले पहिले गुरुजी चक्क कैदी होते. 1834 पासून सुमारे तीस वर्षं इंग्रज सरकारने महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी ठेवले होते. डोंगरावर बटाटा आणि विलायती भाज्या रुजवण्याचं श्रेय जुनी गॅझेटियरं त्यांनाच देतात. पुढे 1860 च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवायला घेतली आणि सिल्व्हर ओकसारखी परक्या मुलखातली झाडं लावली. ती जगली. त्याच काळात महाबळेश्वरच्या लिंगमळ्यात सरकारने क्विनाइनसाठी सिंकोना लावून पाहिला, तो मात्र फसला. झाडं तीच डोंगररांग बघतात, पण महाबळेश्वरचा पाऊस पाचगणीच्या कितीतरी पट, आणि हा फरक जमिनीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

शेती आणि शाळा एकत्र नांदवण्याचा खरा प्रयोग झाला तो घाटाखाली, साताऱ्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची आणि जेवणापुरतं तरी स्वतः राबायची. 1940 च्या महाराजा सयाजीराव हायस्कूलने ‘कमवा आणि शिका’ ही रीत माध्यमिक शाळेत पक्की केली. इथे एक गोष्ट मोकळेपणाने म्हणायला हवी. रयतेच्या मुलांच्या हातातली कुदळ फी भरण्यासाठी होती, उद्यानविद्या शिकण्यासाठी नव्हे. त्यातून माणसं घडली, पण खुंट कुठला आणि डोळा कुठला हे शिकवण्याचा तो वर्ग नव्हता. गांधीजींच्या नई तालीमने 1937 मध्ये वर्ध्याहून नेमकी तीच मागणी केली होती, की हातातल्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा उलगडावी. 1944 च्या जुलैत गांधीजी पाचगणीत मुक्कामाला होते. ते परतले आणि इथल्या शाळांचा दिनक्रम होता तसा सुरू राहिला.

कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि वेळापत्रकात तो तास आला. आपल्यापैकी अनेकांनी तो भोगलेला आहे. शाळेमागच्या पट्ट्यात मेथी, कोथिंबीर, कडेने झेंडू, आणि तपासणीच्या आठवड्यात घाईने घातलेलं पाणी. वही नीट असली की श्रेणी मिळायची, मेथी उगवो न उगवो.

मग 1978-79 पासून अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आले आणि 1988-89 पासून किमान कौशल्याचे, म्हणजे सगळे ज्याला एमसीव्हीसी म्हणतात ते. त्यात उद्यानविद्येचा अभ्यासक्रम होता आणि कागदावर तो उत्तम होता. त्यातलं गुटी कलम घ्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरची साल इंचभर गोल काढायची, आतला बुळबुळीत थर पुसून घ्यायचा, ओलं शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक घट्ट आवळायचं. तो थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. हे फळ्यावर सांगून येत नाही, चार फांद्या वाया घालवाव्याच लागतात. पण या वर्गात यायचं कोण? ज्याला विज्ञान शाखा मिळाली नाही तो. बागायतदाराच्या घरातसुद्धा हुशार मुलाला ‘तू कशाला त्यात?’ असंच विचारलं जायचं. अभ्यासक्रमाचं सगळ्यात मोठं नुकसान या एका प्रश्नाने केलं, असं माझं मत आहे.

आणि याच वर्षांत शाळेबाहेर उद्यानविद्या कुठल्या कुठे गेली. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बागायतदारांनी थॉमसन सीडलेसमधून तास-ए-गणेश निवडली, एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणीची गणितं बसवली, जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल या संजीवकाचं प्रमाण लिटरमागे काटेकोर मोजायला ते शिकले. इकडे भिलार, पाचगणी पट्ट्यात स्ट्रॉबेरीने जोर धरला आणि 2010 मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. परदेशातून आलेल्या मदर प्लांटपासून रनर वाढवायचे, पाऊस ओसरला की गादीवाफ्यावर लागण करायची, ठिबक, मल्चिंग. लागण करताना क्राऊन मातीखाली गेला तर रोप कुजतं आणि फार वर राहिला तर सुकतं. त्या अर्ध्या बोटाच्या अंतरावर हंगाम उभा असतो. आईशेजारी बसून लागण करणाऱ्या सातवीतल्या मुलीलाही ते अंतर नजरेने कळतं. तिच्या प्रगतिपुस्तकात त्याची नोंद कुठेच नसते.

या चित्राला अपवाद पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि तिथून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा केला. शेती आणि पशुपालन हा त्याचा एक विभाग. हा विषय बोर्डाने मान्य केला, म्हणजे त्याचे गुण दहावीत धरले गेले. आपल्याकडे पालक गुण धरले की विषय धरतात, त्यामुळे याचं मोल मोठं आहे.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षण म्हटलंय. नववी-दहावीसाठी केंद्राने आखलेल्या व्यवसाय अभ्यासक्रमांत टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या कुळातल्या पिकांच्या लागवडीचाही अभ्यासक्रम आहे. चिनी कैद्यांचा बटाटा अखेर पाठ्यपुस्तकात पोहोचला म्हणायचा! अडचण आहे ती वेळापत्रकाची. रनर वाढवायची धांदल मे महिन्यात आणि शाळा सुटीवर. लागण सप्टेंबर-ऑक्टोबरची, तेव्हा सहामाही परीक्षा आणि मागोमाग दिवाळीची सुटी. तोडणी भरात असते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि बोर्डाची परीक्षाही तेव्हाच. निदान या डोंगरावरच्या शाळांना प्रात्यक्षिकाचे गुण तोडणीच्या वेळी, वाफ्यावर उभं राहून देता यावेत, एवढी सूट बोर्डाने द्यायला हरकत नसावी.